शेळी व्यायची आहे अजून

ती दवाखान्यातली पोरगी धाकटीला असलं काही विचारणार हे आधी कळलं असतं, तर मी तिला उंबऱ्याच्या आत घेतलीच नसती.

माझा धाकटा दीर बांधावर ट्रॅक्टर उलटून वारला, तेव्हापासून धाकटी जाऊ नुसती बसून होती. रडणं नाही, बोलणं नाही. बाहेर कोरडा वारा शेतातली माती घरात आणून टाकायचा, ती माती तिच्या केसांवर बसायची, पण धाकटी झटकायचीही नाही. आम्ही काही कमी केलं नाही हो. कुणी पाणी भरलं, कुणी झाडलं, स्वयंपाक मी बघितला. विहिरीचा दोर, फवारणीचं औषध, सगळं गुपचूप माझ्या घरी आणून ठेवलं. पाळीपाळीने तिच्यापाशी बसायचो. कशासाठी बसतोय, हे मात्र कुणी तोंडातून काढत नव्हतं. एका गाभण शेळीला तेवढा ती कुणाला हात लावू देत नव्हती, तिचं सगळं स्वतःच करायची.

गावातल्या नर्सबाईंनी मोठ्या दवाखान्यात कळवलं म्हणून ही पोरगी आली. चहाला नको म्हणाली, धाकटीच्या शेजारी जमिनीवरच बसली आणि सरळ म्हणाली, "ताई, जीव द्यावासा वाटतो का?"

माझं टाळकंच सरकलं. "अगं ए! नसलेलं कशाला तिच्या डोक्यात घालतेस? ऊठ, चालती हो!"

"मावशी, विचारल्याने डोक्यात जात नाही. असेल तर बाहेर येतं. थांबा जरा."

"वाटतो," धाकटी म्हणाली. घरातलं मीठ संपलं म्हणावं, तशा आवाजात.

"कधी?"

"शेळी व्याली की. मुकं जनावर आहे, अवघडलेलं टाकून कसं जाऊ?"

इतके दिवस आम्ही दोर लपवत होतो, आणि हिला धरून ठेवलं होतं त्या शेळीने.

पोरगीने उपदेश केला नाही. शेळीचे दिवस विचारले, पिल्लांचं कोण बघणार ते विचारलं. मग म्हणाली, "व्याली की आधी मला कळवायचं. त्याआधी काही करायचं नाही. कबूल?"

"बघते."

"बघते नको, ताई."

"बरं."

दुसऱ्या दिवशी पोरगीच धाकटीला डॉक्टरांकडे घेऊन गेली. जाताना मला म्हणाली, "मावशी, हिची सगळी कामं काढून घेऊ नका." मला राग आला, पण ऐकलं.

गोळ्या सुरू झाल्या. पोरगी येत राहिली. धाकटी थोडं खायला लागली, थोडं झाडायला लागली, पण डोळे तसेच होते.

एका दुपारी शेळी व्याली. धाकटीने दोन्ही पिल्लं पुसली, कासेला लावली, हात धुतले आणि ओसरीवर येऊन बसली. ते रिकामे हात मी बघितले. पोरगीला फोन लावला.

"निघालेच. तोवर तिला एकटी सोडू नका. आणि विचारा."

"काय विचारू?"

"मी विचारलं होतं तेच."

मी तिच्या शेजारी बसले. विचारलं. "धाकटे, अजून वाटतं का गं तसं?"

"वाटतं, जाऊबाई," ती म्हणाली. "सारखं नाही वाटत."

मला दुसरं काय सुचणार? मी मधल्या भिंतीवरून आमच्या ह्यांना हाक मारली, "अहो, आपली तांबडी शेळी इकडे आणा!" त्यांनी तांबडीला दोराने ओढत आणली. मी तिला धाकटीच्या खुंट्याला बांधली.

"हिला ठेव तुझ्याकडे. माझ्याच्याने होत नाही आता."

धाकटीने उठून तिचं पोट चाचपलं. "ही तर आत्ताच गाभण राहिलीय. खूप अवकाश आहे हिला."

"असू दे की. घाई कुणाला आहे?"

तिने माझ्याकडे बघितलं. सगळं कळलं तिला. वेडी थोडीच आहे?

"ही व्यायला झाली, की तुमची काळी आणून बांधाल," ती म्हणाली.

"बांधेन. तीही म्हातारी झाली तर दुसरी विकत आणेन."

ती हसली नाही. रडू मलाच आलं. धाकटीने बादली उचलली आणि तांबडीला पाणी दाखवायला गेली.