अंगठ्याजवळचे वळण

मित्रांनो, मी एक जुनी वाकडी रेघ आहे. कागदावरची नव्हे, टाकवे बुद्रुकच्या प्रेरणाच्या लॅपटॉपमधली. तुम्ही मला पाहिले नसेल. मला पाहायला कोण बसले आहे!

प्रेरणा वराळ्याच्या एका कारखान्यात संगणकावर प्लॅस्टिकच्या वस्तूंचे आराखडे करते. तिच्या आईला, नंदाबाईंना, अर्धांगवायूचा झटका आला आणि उजव्या हाताची मूठ वळेनाशी झाली. खुरपे हातातून गळून पडू लागले. वांग्यांच्या वाफ्याशिवाय ज्यांना करमत नसे, त्या दारात नुसत्या बसून राहू लागल्या. तेव्हा खुरप्याच्या मुठीसाठी प्रेरणाने मला काढले.

माझ्या अंगावर बिंदू असतात. बिंदू ओढला की मी तिथे वाकते आणि माझ्यावर बेतलेली मूठही वाकते. प्रेरणा ती मूठ कारखान्यातल्या थ्रीडी छपाईच्या यंत्रावर प्लॅस्टिकमध्ये छापून आणी आणि आईच्या हातात देई.

"हितं टोचतंय गं," नंदाबाई म्हणत. मग एक बिंदू खाली जाई. "आंगठा कुटं ठिवू?" मग तिथे एक बिंदू वाढे. असे करता करता मी पार वेडीवाकडी झाले, पण एके दिवशी मूठ हातात बसली. नंदाबाई खुरपे घेऊन वाफ्यात गेल्या आणि प्रेरणा ओट्यावर बसून रडली.

पडद्यावरच्या यादीत माझ्या नावापुढे डोळ्याचे चित्र असते; त्यानंतर तिने तो डोळा मिटला. आमच्याकडे रेघ लपवतात ती अशीच. मुठीचे कौतुक गावभर झाले. माझे नाव कोण काढतो? शेजारच्या रेघांशी बोलावे, तर त्याही मिटलेल्या. खरे सांगते, फार एकटे वाटे.

एकदा डोळा उघडला. वाटले, आली बाई आठवण! पण मूठ कारखान्यातल्या साहेबांना दाखवायची होती.

"शी, किती वाकडी आहेस गं तू!" प्रेरणा हसली. तिने माझे निम्मे बिंदू पुसून मला गुळगुळीत केले. साहेबांनी शाबासकी दिली. तशीच नवी मूठ तिने आईलाही आणली. "लय झ्याक!" नंदाबाई म्हणाल्या. माझा डोळा पुन्हा मिटला.

मग एका दुपारी प्रेरणाने घाईघाईने फाईल उघडली. तिच्या हातात जुनी मूठ होती, तडकलेली, चिंधीने बांधलेली.

"आई, नवी असताना तू हीच वापरतेस?"

नंदाबाई म्हणाल्या, "नवी चांगलीच हाय. पर तिच्यात आंगठ्याला जागा घावंना. तू एवड्या कौतुकानं आनलीस, म्हनून बोलले न्हाई."

प्रेरणाचा चेहरा उतरला. पुसलेले बिंदू परत येणार नव्हते. जुनी फाईल तिने वेगळी ठेवलीच नव्हती. तिने आईला शेजारी बसवले, तिचा हात आपल्या हातात घेतला आणि एकेक बिंदू पुन्हा वाढवला.

"इथं?"

"आजून जरा खाली."

नंदाबाई पडद्याजवळ वाकल्या. "ही माज्या हाताची रेघ व्हय? लय वाकडी हाय की गं!"

"राहू दे तशीच," प्रेरणा म्हणाली.

मित्रांनो, आता नंदाबाई पुन्हा वाफ्यात असतात, आणि मी अंधारात. एकटेपण काही सरलेले नाही. तुम्हाला एकच विनंती आहे. कुणाचे वाकडेपण काढून टाकण्याआधी ते कुणासाठी वाकले आहे, एवढे विचारा. माझे म्हणाल, तर आधी मी नुसती 'रेघ चौदा' होते. या वेळी डोळा मिटण्यापूर्वी प्रेरणाने माझे नाव बदलले. आता तिथे लिहिले आहे, 'आईचा अंगठा'.