गलबतचे लाल क्रेट

एकोणतीस वर्षं मी पनवेल-उरणच्या गावांत गलबत बिअर विकतोय. स्वतः थेंबही घेत नाही, मी ताकाचा माणूस. एके काळी आमच्याकडच्या हळदीला गलबतच लागायची. हल्लीची पोरं मात्र लेबलावरचं शिडाचं जहाज पाहून म्हणतात, "ही तर आजोबांची!" म्हणून कंपनीनं मनस्वीला पाठवलं. वय सव्वीस, हातात नवी काळी बाटली आणि तिच्यावर जहाजाची नुसती चंदेरी रेघ. शीड कुठं गेलं म्हणून मी विचारलं, तर हसली.

"महादेवकाका, पनवेलला नव्या बाटलीच्या कार्यक्रमात तरुण मंडळी रमली तर गलबत जगेल. नाहीतर मार्चमध्ये बंद," ती म्हणाली. गलबतबरोबर मीही घरी बसणार, हे तिनं बोलून दाखवलं नाही, हा तिचा चांगुलपणा. चोपन्नाव्या वर्षी मला दुसरं कोण दारात उभं करणार होतं?

आमचे लाल प्लॅस्टिकचे क्रेट तर तिच्या डोळ्यांत खुपायचे. "हे आधी हटवा. नवी बाटली खोक्यातूनच जाईल."

कार्यक्रमाच्या दिवशी दुपारी तीन वाजता कळलं, की भाड्याच्या खुर्च्यांचा ट्रक जासईला कंटेनरच्या रांगेत अडकलाय. सहाला पाहुणे येणार आणि हॉल रिकामा. मनस्वी पायरीवर बसून रडायला लागली. पोरगी रडली की माझं डोकं चालतं. मी मासळी बाजारात सत्यवतीबायला फोन लावला.

"बाय, बसायला क्रेट हवेत."

"किती?"

"साठ."

"टेंपो धाड."

आता लपवण्यात अर्थ नाही, सांगून टाकतो. त्या बाजारातल्या सगळ्या कोळणी आमच्याच क्रेटवर बसतात. क्रेट कंपनीचे, आणि ते गोळा करणं माझं काम. पण बोंबील घ्यायला गेलो की मी नेमका छताकडे बघायचो.

क्रेट आले ते लिंबू-सोड्यानं घासलेले, तरी किंचित वास होताच. पोरं हनुवटीला गुडघे टेकवून बसली, गप्पांना ऊत आला, रीलवर रील निघाल्या. एकानं तर विचारलं, "हा घरी नेऊ का?" आठ वाजता, त्या रील पाहून, मोठ्या साहेबांचा मनस्वीला फोन आला. फोन ठेवून तिनं मला मिठीच मारली. "क्रेट ठेवायचे म्हणाले. आणि तुम्हालाही!"

सकाळी क्रेट परत द्यायला टेंपो घेऊन बाजारात गेलो. साठही बायका ओल्या फरशीवर गोणपाट टाकून बसल्या होत्या. कालची संध्याकाळही तशीच काढलेली. सत्यवतीबाय कंबर धरून उठली. माझं पोट या बायकांनी वाचवलं होतं.

"बाय, तुमचे उपकार कसे फेडू?"

"कसलं उपकार रं? एकोनतीस वर्सा तू येतस न छताला बगतस. आमाला काय समजत नाय?"

मला तोंड वर करवेना. तिनं टेंपोतला पहिला क्रेट उतरवला, उलटा घातला आणि त्यावर हातानं थोपटलं.

"बस. आज तरी खाली बगून मासली घे."