महेंद्रच्या घरातली ढवळाढवळ

प्रीती नौपाड्यातल्या आपल्या घरातून ऑनलाइन मराठी शिकवते. परवा तिच्या एका विद्यार्थिनीनं, केरळहून बदली होऊन आलेल्या बँकेतल्या बाईनं विचारलं, लुडबुड आणि ढवळाढवळ यांत फरक काय? प्रीतीनं सांगितलं, आई कणीक मळत असताना लेकरू परातीत हात घालतं ती लुडबुड. तिचा वैताग येतो, पण ती मनाला लागत नाही. ढवळाढवळीचं उदाहरण शोधताना मात्र तिला लहानपणची शहाडची चाळ आठवली.

तिथं शेजारी गंगुबाई राहायच्या. सगळी चाळ त्यांना मावशी म्हणायची. त्या कुणाच्याही घरात शिरून आमटी चाखायच्या, मीठ कमी वाटलं तर स्वतःच घालायच्या. प्रीतीची आई शकू कुरकुरायची, पण मावशी दिवसभर फिरकल्या नाहीत की चौकशीला तीच जायची.

प्रीतीची बारावी झाली आणि तिच्या वडिलांनी, महेंद्रनं, तिचं लग्न जमवत आणलं. मुलगा चांगला होता, नोकरी पक्की होती. पाहुणे येऊन गेले त्या संध्याकाळी मावशी आल्या.

"पोरीला विचारलंस का रे, महेंद्र?"

"मावशी, आमच्या घरात ढवळाढवळ नको," वडील म्हणाले.

आवाज चढला नव्हता, पण मावशींना चाळीत असं कुणी बोललं नव्हतं. त्या गेल्या नाहीत. पदर सावरून त्यांनी दारातच बसकण मारली. पोरगी काय ते बोलली की उठते, म्हणाल्या. शेवटी शकूनंच लेकीला विचारलं, तुझ्या मनात काय आहे?

"मला शिकायचंय, पप्पा," प्रीती म्हणाली.

वडिलांनी मुलाकडच्यांना नकार कळवला. मावशींशी मात्र त्यांनी कित्येक महिने अबोला धरला. पुढे प्रीती बी.ए. झाली, तेव्हा पेढे घेऊन ते स्वतः त्यांच्या दारात गेले. मावशींनी आत बसवलं, चहा ठेवला. दोघं अंधार पडेपर्यंत बोलत बसले. त्या जुन्या संध्याकाळचा विषय कुणी काढला नाही.

नंतर चाळ पाडली. मावशी खडवलीला भाचीकडे गेल्या आणि तिथंच वारल्या.

सांगता सांगता तास उलटून गेला होता. विद्यार्थिनीनं विचारलं, मग हा शब्द चांगला की वाईट? वाईटच, प्रीती म्हणाली, ज्याला दुसऱ्याचं मधे पडणं नको असतं तोच तो वापरतो. तिला स्वतःला मात्र तो वापरायची वेळच आलेली नाही. तिच्या मजल्यावरचे लोक फार सभ्य आहेत. आधी फोन केल्याशिवाय कुणी बेलसुद्धा वाजवत नाही.