तेहतिसावा नेम

समुद्राने ज्यांना साद घातली त्यांनीच इतिहास घडवला, याबद्दल दुमत नाही. शरच्चंद्र आठवल्यांना ती साद कर्वेनगरात, सोसायटीच्या साडेचार फूट खोल तलावात, दुपारी दोन वाजता ऐकू आली. सोसायटी झोपली होती. त्यामुळे इतिहासाला साक्षीदार एकच : काठावर प्लॅस्टिकच्या खुर्चीत छत्री धरून बसलेल्या श्यामलाबाई.

शरच्चंद्रांच्या हातात स्पीअरगन होती, म्हणजे रबर ताणून पाण्याखाली भाला सोडणारी बंदूक. ती जावयाने पाठवली होती. गेल्या अधिक महिन्यात श्यामलाबाईंनी रीतीप्रमाणे पोर्तुगालला तेहतीस अनारसे पाठवले. लेक अवनी तेव्हा कामासाठी परगावी. उंचपुऱ्या दुआर्तेरावांनी एकट्याने डबा उघडला, त्या गोल, कडक, भोकाभोकांच्या चकत्या पाहिल्या आणि हे नेमबाजीचे निशाणे आहेत अशी समजूत करून घेतली. सासऱ्यांनाही भाल्याने मासे टिपायचा नाद आहे तर! त्या आनंदात बंदूक आली, सोबत चिठ्ठी : 'जूनमध्ये हंगाम. या.'

"बाबा, मी सांगते त्याला खरं काय ते," अवनी फोनवर म्हणाली.

"राहू दे. सहा वर्षांत त्याने पहिल्यांदाच मला कुठे बोलावलंय."

गोम तीच होती. सहा वर्षांत सासरे-जावयांत हवामानापलीकडे बोलणं झालं नव्हतं. दोघांचं इंग्रजी व्याकरणशुद्ध आणि निरुपयोगी. पाण्याखाली मात्र बोलावं लागत नाही. शेजारी तरंगायचं, नेम धरायचा. त्याच्यासमोर एक नेम लागला तरी पुरे. नाही लागला, तर पुन्हा हवामान.

निशाण्यासाठी श्यामलाबाईंनी योगासनांच्या जुन्या चटईतून मासा कापला. अख्खा मासा त्यांनी जन्मात पाहिला नव्हता, त्यामुळे शेपूट फुटलेली करंजी तयार झाली. तिला रोज तेहतीस नेम, असा संकल्प. तीन आठवडे झाले, करंजीला ओरखडा नव्हता.

कारण शरच्चंद्रांनी तीस वर्षं भौतिकशास्त्र शिकवलं होतं. पाण्यातली वस्तू असते त्याहून वर दिसते, म्हणून ते चार बोटं खाली नेम धरत, आणि भाला इमानाने चार बोटं खालून जाई.

बत्तिसावा भालाही तसाच गेल्यावर श्यामलाबाईंनी छत्री मिटली.

"अहो, मासा पाण्यात आहे ना?"

"आहे."

"आणि आपण?"

"मीही पाण्यातच."

"मग दोघंही भिजलेले असताना मध्ये पुस्तक कशाला? सरळ बघा की."

शरच्चंद्रांनी भाला परत बंदुकीत चढवला. पुस्तकातल्या आकृतीत माशाकडे पाहणारा मुलगा काठावर उभा असतो, हे त्यांना आत्ता आठवलं.

ते पुन्हा खाली गेले. तळाच्या निळ्या फरशीवर उन्हाची जाळी हलत होती. कुणाच्या तरी कुकरची शिट्टी दूरच्या जहाजासारखी आली आणि विरली. कर्वे रस्त्यावरचे हॉर्न पाण्यात शिरून देवमाशांसारखे हुंकारत होते. करंजी डोलत होती, जणू तिला कुठे जायची घाई नव्हती. शरच्चंद्रांनाही नव्हती. आपल्या शेजारी कुणीतरी लांबसडक तरंगतंय, तसंच मुकाट, असं त्यांना वाटलं. वळून पाहायची गरज भासली नाही. त्यांनी सरळ पाहिलं आणि चाप ओढला.

भाला करंजीच्या पोटातून आरपार गेला.

संध्याकाळी व्हिडिओ कॉलवर त्यांनी भोक पडलेली करंजी कॅमेऱ्यासमोर धरली. दुआर्तेरावांनी ती बराच वेळ न्याहाळली. मग अवनीकडे एकदा पाहून, घसा खाकरून, ते आयुष्यातलं पहिलं मराठी बोलले.

"बाबा, येताना ते गोल निशाणे आणा. बत्तीस बुडाले. एक मी खाल्ला." त्यांनी गाल चोळला. "या वेळी थोडे मऊ."