संलग्न कोन आणि माझा आगाऊपणा

मी कोनमापक बोलतोय. देह अर्धवर्तुळाकार, गर्व मात्र पूर्ण वर्तुळाएवढा. अंधेरीच्या एका कारखान्यात साच्यातून बाहेर पडलो, तेव्हाच ठरवलं की कोनांच्या बाबतीत शेवटचा शब्द माझा.

पहिला मालक निलेश. त्याने कर्कटकाने माझ्यावर क्रिकेटचा स्कोअर कोरला. मग मी त्याच्या धाकट्या बहिणीकडे, श्रुतिकाकडे आलो. तोवर माझे निम्मे आकडे पुसले होते, पण रुबाब तसाच होता.

श्रुतिका मुलुंडला सुहासिनीबाईंच्या क्लासला जायची. बाईंची एक पद्धत होती. फळ्यावर व्याख्या लिहायच्या आणि म्हणायच्या, "मोडा आता!" म्हणजे शब्दांत तर बसेल, पण भलतीच असेल अशी आकृती शोधायची. श्रुतिका कधी तोंडच उघडायची नाही. शेवटी बाई म्हणाल्या, "आजही नाही जमलं, तर सोमवारपासून कच्च्या बॅचला बस." पोरगी रडवेली झाली होती.

फळ्यावर होतं : 'ज्या दोन कोनांचा शिरोबिंदू सामाईक आणि एक भुजा सामाईक, ते संलग्न कोन.'

"श्रुतिका, चाळीस आणि सत्तर अंशांचे काढून दाखव."

तिने घाबरून दोन्ही कोन एकाच भुजेवरून, एकाच बाजूला मोजले. मापं तंतोतंत आली. मी खूश!

शेजारचा देवव्रत हसला. "अगं, मोठ्याच्या पोटात छोटा घातलास! वाट लागली."

सगळा वर्ग हसला. मला तर मेल्याहून मेल्यासारखं झालं. श्रुतिकाचे कान लाल झाले, पण ती वही घेऊन उभी राहिली.

"बाई, शिरोबिंदू एकच आहे. एक भुजापण सामाईक आहे. मग चुकलं कुठे?"

बाईंनी वही पाहिली, मग फळा पाहिला.

"तू नाही गं, मी चुकले. मोडलीस की माझी व्याख्या!" त्यांनी खडू उचलला आणि पुढे लिहिलं : 'आणि ज्यांचे आंतरभाग वेगवेगळे असतात.' मग म्हणाल्या, "सोमवारी इथेच यायचं. पहिल्या बाकावर."

श्रुतिका हसली. मी अर्थातच सगळं श्रेय घेऊन टाकलं. मग ती व्याख्या नीट वाचली. तिच्यात एकही अंश नव्हता. कोन कितीचेही असते, तरी ती तशीच मोडली असती. माझी गरजच नव्हती!

आता कंपासपेटीत नवा कोनमापक आलाय. आकडे ठळक, तोरा माझ्याहून जास्त. मी भूमितीच्या पुस्तकात खुणेला असतो. मित्रहो, आमच्याकडून मापं जरूर घ्या, पण विचार तुमचा तुम्हीच करा. आम्ही श्रेय घ्यायला येऊच, तेवढं मनावर घेऊ नका.