चिमट्याचे माप

शिंप्याने दुकानाची दोन्ही दारे सताड उघडली, कापड बेतण्याचे मेज भिंतीकडे सरकवले आणि आपली बावीस वर्षांची सायकल मधोमध आणून उलटी उभी केली. सकाळपासून त्याच्या चित्तास थारा नव्हता. टेकडीवरील रुग्णालयाच्या परिचारिकांचे गणवेश तो गेली कित्येक वर्षे शिवीत असे. परंतु अलीकडे त्याच्या उजव्या गुडघ्याने असा काही संप पुकारला होता, की तो चढ पायडल मारीत चढणे अशक्य होऊन बसले होते. "मापं घ्यायला वर येणार की नाही, ते आज संध्याकाळपर्यंत कळवा. नाहीतर मी दुसरा शिंपी बघते," असे मुख्य परिचारिकेने त्यास स्वच्छ बजावले होते. सायकलीस विजेची मोटार बसली, तरच ते काम हाती राहणार होते.

मोटार बसवणारा मिस्त्री शहराच्या दुसऱ्या टोकास राहत असल्याने त्याने फोनवरच तपासणी सांगितली होती. मोटार पुढच्या चाकात बसणार होती, म्हणून पहिली अट अशी, की चिमटा, म्हणजे पुढचे चाक ज्या दोन दांड्यांमध्ये फिरते तो भाग, लोखंडी असला पाहिजे. शिंप्याने टाचण्या गोळा करण्याचे लोहचुंबक उचलले आणि श्वास रोखून दांडीस लावले. ते टक्कन चिकटले.

"चिकटलं! अगं, चिकटलं!"

पत्नी कोपऱ्यात काजे करीत बसली होती. मान वर न करता ती म्हणाली, "आपल्या लग्नात तरी एवढे खूश झाला होतात का?"

"लग्नात काही तपासायची सोय नव्हती," शिंपी म्हणाला व लगोलग सांगाड्याकडे वळला. भिंग घेऊन त्याने प्रत्येक सांधा न्याहाळला. केसाएवढाही तडा आढळला नाही. ब्रेक दाबून पाहिले. चाक जागच्या जागी खिळले. त्याचा उत्साह क्षणोक्षणी दुणावत चालला. अखेरीस त्याने पुढचे चाक काढले, चिमट्याच्या दोन टोकांमधले आतले अंतर टेपने मोजले, खडूने मेजावर लिहिले आणि मिस्त्रीस फोन लावला.

"साडेअकरा सेंटिमीटर!"

पलीकडून मिस्त्री म्हणाला, "काका, दहा लागतात हो. साडेअकरात मोटार बसायची नाही."

"जरा दाबून बसव की!"

"कापड आहे का ते? दाबून वाकवलं तर कुठल्या तरी उतारावर मोडेल आणि तुम्ही तोंडावर आपटाल. मी नाही करणार. दुसरी सायकल बघा."

शिंप्याच्या तोंडचे पाणी पळाले. तो मटकन स्टुलावर बसला आणि मुख्य परिचारिकेचा नंबर शोधू लागला. तेवढ्यात पत्नी उठली व मेजावरील आकड्याकडे डोळे बारीक करून पाहू लागली.

"अहो, हा आकडा टेपवरचा की तुमचा?"

"म्हणजे काय?"

"मागे खिडकीची काच मोजलीत, तीसुद्धा दीड सेंटिमीटर जास्त आली होती. आठवतंय का? यात शिलाईची माया धरलीत ना?"

शिंप्याने कपाळावर हात मारला. तीस वर्षांत त्याच्या हाताने नुसते माप म्हणून कधी लिहिलेच नव्हते. कापड शिलाईत आत जाते, म्हणून दोन्ही बाजूंस जी माया सोडावी लागते, ती मिळवूनच आकडा खडूखाली उतरत असे. तो झेप घेऊन सायकलीपाशी गेला. या खेपेस टेप त्याने धरला. वाचले मात्र पत्नीने.

"दहा. नुसते दहा. हात लावू नका खडूला!"

मिस्त्रीस पुन्हा फोन गेला. सारी हकिकत ऐकून तो इतका हसला, की त्यास ठसका लागला. "पास आहे तुमची सायकल, काका! उद्या घेऊन या. परवा चढावर चढवून बघू."

शिंप्याचा आनंद गगनात मावेना. फोन ठेवता ठेवताच त्याने पत्नीस मोठ्याने विचारले, "गुरुवारी जाऊ ना वर?" आणि उत्तराची वाट न पाहता रुग्णालयाचा नंबर फिरवला.

"सिस्टर, दुसरा शिंपी बघू नका! गुरुवारी सकाळी मी तुमच्या दारात असेन."

"गुडघ्याचं काय?" मुख्य परिचारिकेने विचारले.

"त्याला आता बसून राहायचं काम दिलंय!" शिंपी उत्तरला. पलीकडे ती कोणास तरी ओरडून सांगत होती, "अगं, आपलेच शिंपीकाका येतायत!" आणि ते ऐकत शिंपी उभ्या उभ्याच पुढचे चाक परत बसवून त्याचे नट आवळू लागला.