हूल

धनगर लांडग्याचं नाव घेत नाहीत. नाव घेतलं की तो येतो, म्हणून ‘पाव्हणा’ म्हणायचं. ‘पाव्हणा आला’ एवढं कानावर पडायची खोटी, म्हसूचा हात कमरेच्या गोफणीला जायचा आणि दगड सुटलेलाही असायचा. विचार नंतर. चाळीस वर्षं असंच चाललं.

मग उजवा हात थरथरायला लागला. पौडच्या वैद्याने ‘कंपवात’ म्हणून पुड्या दिल्या. पुड्या संपल्या, हात थांबला नाही. पुढे पायही जागच्या जागी खिळायला लागले. म्हसूला एकच धास्ती होती. दिवाळी सरली की मेंढरं कोकणात उतरणार, आणि मुलगा बिरू आपल्याला मागे टाकून जाणार.

बिरू मनाचा वाईट नव्हता, असं लोक म्हणतात. लोकांना म्हणायला काय जातं?

धरणाच्या पाण्याने नदीकाठचं कुरण गिळल्यापासून कळप उरवड्याला नथूच्या शेतात लेंड्यांच्या खतासाठी बसत होता. तिथे रिकाम्या दुपारी बिरूने खेळ काढला. उगाच ओरडायचं, “आबा, पाव्हणा आला!” आणि म्हातारा उभा राहीस्तोवर मोठ्याने आकडे मोजायचे. पहिल्या दिवशी सहा झाले. आठवड्याने अकरा. बाकीचे गडी पोट धरून हसायचे.

कुत्रा तीन दिवसांत शहाणा झाला. चौथ्या दिवशी त्याने मानही उचलली नाही. म्हसू मात्र दर वेळी उठायचा. ही हूल आहे हे त्याला कळायचं, पण उठून झाल्यावर. जुनं शिकलेलं पुसलं जात नव्हतं आणि नवं काही अंगात मुरत नव्हतं.

“कुत्र्याला कळलं, आबा! तुला न्हाई?” बिरू म्हणायचा. म्हसूला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

दिवाळीच्या तोंडावर, उन्हं कलताना, बांधावरून सून सुंदरा किंचाळली, “पाव्हणा आला!”

कुत्रा पडून राहिला. “आता हीबी खेळाय लागली,” म्हणत बिरू हसला आणि मोजायला लागला. उठला तो एकटा म्हसू. बाराला गुडघे सरळ झाले, पंधराला गोफणीत दगड बसला. अठराला लांडगा कोकरू तोंडात धरून ओढ्यापलीकडे गेला. दगड म्हसूच्याच पायाशी पडला.

“तुझ्या डोळ्यांदेखत गेलं,” बिरू म्हणाला. “असली राखण काय कामाची? तू ऱ्हा हितंच.”

“मीच तर उठलो रं,” म्हसू म्हणाला. पण तेवढं बोलायलाही त्याला इतका वेळ लागला, की बिरू केव्हाच वळून चालू लागला होता.

दिवाळी झाली. म्हसूला नथूच्या गोठ्यात ठेवलं. निघताना बिरूने बापाच्या कमरेची गोफण सोडून घेतली, त्याला ती लागणार होती. कुत्राही एका शिट्टीत त्याच्यामागे गेला.

तिसऱ्या दिवशी दुपारी नथूची बायको रंभाबाई ओसरीवरून आपल्या सुनेला म्हणाली, “पाणी आण गं, पाव्हणा आला!”

गोठ्यात म्हसूचा हात कमरेला गेला आणि तिथेच चाचपत राहिला. पाव्हण्याने पाणी पिऊन, पान खाऊन निरोप घेतला, तेव्हा कुठे म्हातारा उभा राहिला. आज आपल्याला फारच वेळ लागला, असं त्याला वाटलं. मोजायला मात्र कुणी नव्हतं.